जाऊबाईंची साक्ष

आमच्या मोठ्या जाऊबाई सरकारी इस्पितळात सिस्टर आणि माझे थोरले दीर पोलिसांत. कैद्यांना तुरुंगातून कोर्टात न्यायचं, परत आणायचं, आजारी पडले तर इस्पितळात पोचवायचं, अशा पथकात भावजींची सगळी नोकरी गेली. दोघांच्या पाळ्या अशा, की एक घरात शिरताना दुसरं चपला घालत असे. सासूबाई म्हणायच्या, "यांचा संसार दारातच चालतो."

जाऊबाईंच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटा कैद्यांच्या. कैदी आला की पोलीस त्याच्या घोट्यात बेडी घालायचा आणि साखळीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला अडकवायचा. नव्या होत्या तेव्हा जाऊबाईंना ते बघवत नसे. पुढे सवय झाली. "चादर बदलताना साखळी उचलायची आणि परत ठेवायची," त्या एकदा मला म्हणाल्या. "सलाइनची नळी दिसते तशीच तीही दिसते."

मग तो रंगारी आला. घरं रंगवणारा माणूस. ज्या घरात काम चालू होतं तिथले दागिने गेले आणि संशय याच्यावर आला. खटला अजून उभाही राहिला नव्हता. मधुमेह जुना, तुरुंगात चक्कर येऊन पडला म्हणून आणलेला. दोनचार दिवसांत बेडीखालची कातडी सोलवटली. जाऊबाईंनी कापूस गुंडाळला. डॉक्टरांनी लिहून दिलं की बेडी काढा. पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला, किल्ली साहेबांकडे आहे. साहेब म्हणाले, वरून हुकूम हवा. हुकूम येईपर्यंत जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शस्त्रक्रियेनंतर त्याला वॉर्डात आणलं, तेव्हा पोलिसाने बेडी उरलेल्या पायात घातली.

"आता कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "एक पाय नाही त्याला. पळणार कुठे?"

पोलीस काही वाईट नव्हता. खाली बघतच बोलला. "सिस्टर, तो पळाला तर माझी नोकरी जाईल. बेडीने त्याचा पाय गेला, तर माझं काही जात नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू."

त्या दिवशी जाऊबाई घरी आल्या आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी ताट झाकून ठेवलं.

रंगाऱ्याच्या बायकोला कुणीतरी एका वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी वरच्या न्यायालयात दावा लावला. म्हणणं सरळ होतं. गुन्हा सिद्ध न झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला असं बांधून ठेवणं राज्यघटनेत बसत नाही. तुरुंगात गेला म्हणून माणूस माणसांतून उठत नाही. आणि हे एका रंगाऱ्यापुरतं नको, सगळ्याच आजारी कैद्यांसाठी ठरवा.

दावा लागला, पण साक्षीदार मिळेना. डॉक्टरांची लांब बदली झाली होती आणि ते फोन उचलत नव्हते. शेजारच्या खाटांवरचे म्हणाले, आम्हाला ग्लानी होती. शेवटी वकीलबाई आमच्या घरी आल्या. काखेत फायली, घसा बसलेला.

"तुम्ही पाहिलंत तेवढंच सांगायचं," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे एक अक्षर नको."

जाऊबाईंनी विचार करून सांगते म्हटलं. भावजी आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर ते बाहेर आले.

"सरकारी वकील तुला सोडणार नाही. माझ्यावर घसरेल."

"घसरेल."

"मीही घातल्यात बेड्या. तुझ्याच वॉर्डात."

"मला माहीत आहे. त्या खाटांच्या चादरी मीच बदलल्या."

"मग काय सांगशील?"

"विचारलं तर खोटं बोलणार नाही. न विचारता सांगायला जाणार नाही."

भावजींनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. मी कणीक मळत होते, ती उगाचच मळत राहिले.

त्यानंतर तारखांचं गुऱ्हाळ सुरू झालं. सोबत म्हणून मी जायची. कधी सरकारी वकील आजारी, कधी न्यायाधीश बदललेले, कधी फाइल दुसऱ्याच खोलीत. जाऊबाई रजा टाकायच्या, बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि बसल्या बसल्या डुलकी काढायच्या. तोवर मेट्रननी त्यांना वॉर्डातून काढून तळमजल्यावर मलमपट्टीच्या खोलीत टाकलं होतं. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दिवसभर उभं राहून पायांवर सूज यायची.

रंगारी मधल्या काळात सुटला. दागिने त्या घरातल्याच कुणीतरी गहाण टाकले होते. तो सुटल्याबरोबर सरकारी वकील उभे राहिले: माणूस मोकळा झाला, आता प्रश्नच उरला नाही, दावा काढून टाका. वकीलबाई म्हणाल्या, "हा सुटला. त्याच खाटेला आज दुसरा बांधलेला आहे. त्याने पाय जाईपर्यंत थांबायचं का?" न्यायाधीशांनी दावा चालू ठेवला आणि जाऊबाईंची साक्ष लागली.

पाहिलं ते त्यांनी सांगितलं. आवाज असा, की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला लावलं. मग सरकारी वकील पुढे आले.

"तुमचे यजमान याच पथकात आहेत ना?"

"आहेत."

"त्यांनी कधी आजारी कैद्याला बेडी घातली?"

"घातली."

"तेव्हा तुम्ही तक्रार केली नाहीत. म्हणजे तेव्हा ते योग्य होतं?"

"नाही. तेव्हाही चूकच होतं. मी गप्प बसले आणि त्यांनी हुकूम पाळला. आम्हाला दोघांनाही घर चालवायचं होतं."

सरकारी वकील जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी हे वर्तमानपत्रात आलं. भावजींना पथकातून काढून गोदामाच्या फाटकावर बसवलं. घरात ते जाऊबाईंशी बोलेनासे झाले. "तिला सांग, डबा भरून ठेव," असं मला सांगायचे, त्या समोर उभ्या असताना. मी सांगायची. जाऊबाई डबा भरायच्या. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तरी हे चाललंच.

निकाल लागला तेव्हा रंगारी कुबड्यांवर आला होता. आजारी कैद्याला खाटेला बांधायचं नाही. तशीच वेळ आली तर आधी न्यायाधीशाची लेखी परवानगी, कारणासकट. निकाल वाचून होताच वकीलबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. रंगाऱ्याने जाऊबाईंना विचारलं, "झालं ना सिस्टर? मग मी निघतो, बस चुकेल." त्या हो म्हणाल्या. आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये चहा प्यायलो. तो गार होता, पण परत करायचं त्राण कुणात नव्हतं.

पथकात माणसं कमी पडली, तसं भावजींना परत बोलावलं. एका संध्याकाळी ते आले, बूट काढले आणि थेट जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "आज एकाला मोकळाच नेला. एक्स-रेला. सारखा मागे वळून बघत होता, मी येतोय का म्हणून."

जाऊबाई म्हणाल्या, "हात धुवा, वाढते."

तेवढंच. पण त्या दिवसापासून माझी मधली हमाली सुटली.

जाऊबाईही वॉर्डात परतल्या. मला वाटलं होतं आता कटकट मिटली. कसली मिटते. दर थोड्या दिवसांनी नवा पोलीस येतो, त्याला निकाल ठाऊक नसतो, असला तरी साखळी हातात असते. गेल्या आठवड्यात बाळंतिणींच्या वॉर्डातून बोलावणं आलं, तिथे एका कैदी बाळंतिणीला बांधलेलं होतं. जाऊबाईंनी सांगितलं, काढा. पोलीस म्हणाला, साहेबांना विचारतो. साहेब जेवायला गेलेले. जाऊबाई स्टूल ओढून खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, विचारा, मी बसले आहे. त्याने शेवटी काढली.

"पूर्वी मला भांडताच येत नव्हतं," त्या मला सांगत होत्या. "आता रोज भांडायचा हक्क मिळालाय."

"थकलात ना?"

"हो गं," त्या म्हणाल्या. "फार." आणि घड्याळाकडे बघून उठल्या, कारण त्यांची पाळी सुरू होत होती.