वर निळे, खाली पिवळे

वडूजचं घर सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी चपलांचं कपाट चढलं. टेम्पोवाला म्हणाला, "आवं बाई, ह्ये गंजकं कशाला न्हेताय? सांगलीत रेडिमेड मिळत्यात की." अजित, म्हणजे तुमचा बाबा, त्याच्याच बाजूचा होता. पण मी कपाट सोडलं नाही. लोखंडी, बारा कप्प्यांचं, प्रत्येक कप्प्यावर नावाची पट्टी. आदल्या दिवशी मी सगळ्या पट्ट्या ओल्या फडक्यानं काढल्या होत्या. एक निघाली नाही. तिच्यावर 'दत्तू' लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

मुक्ता, सोहम, पत्र दोघांना आहे, पण प्रश्न मुक्ताचा आहे. सोमवारपर्यंत तिला दोन पवनचक्की कंपन्यांपैकी एकीला हो म्हणायचं आहे. एक तिला डेन्मार्कमध्येच ठेवणार, समुद्रातल्या चक्क्यांवर. दुसरी तिला साताऱ्याला आणणार आणि वडूजच्या माथ्यावरच्या चक्क्या तिच्या हाताखाली देणार. फोनवर ती म्हणाली, "आजी, दोन्ही कंपन्यांची माणसं तुझ्या घरात भाड्यानं राहिली आहेत. तूच तुलना कर."

मी केली. उभ्याआडव्या रेघा मारून तक्ता आखला. पगार, रजा, बढती, गाव. 'गाव' या रकान्यात साताऱ्यापुढे मी दोनदा खूण केली. त्याच्याखाली पत्र लिहिलं. अजित त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवणार होता, पण ते मी त्याला दिलंच नाही. चार दिवस ते माझ्या उशीखाली आहे, आणि मी खोलीतून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खोलीत करते आहे. त्या पत्रात दत्तू नव्हता. म्हणून हे दुसरं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा शाळेतली माझी नोकरीही संपत आली होती. घर मोठं, मी एकटी. त्याच सुमारास माथ्यावर चक्क्या उभ्या राहू लागल्या. आधी निळ्या जॅकेटवाले आले, त्यांना मी वरचा मजला दिला. वर्षभरात पिवळ्या जॅकेटवाले आले, त्यांना खालच्या दोन खोल्या. कंपन्यांची नावं लांबलचक होती आणि मालक बदलले की तीही बदलत. मी आपलं निळे आणि पिवळे म्हणत असे. मुक्ता, तुला समुद्रावर बोलावते आहे ती निळी. साताऱ्याला बोलावते आहे ती पिवळी.

दिवसा ते एकमेकांचे वैरी. एकाच माथ्यावर, एकाच वाऱ्यावर दोघांच्या चक्क्या, तेव्हा कुणाची किती वेळ बंद राहिली यावरून रोज चढाओढ. संध्याकाळी मात्र माझ्या व्हरांड्यात एकाच कॅरमभोवती बसत. पिवळ्यांचा पगार एक तारखेला, जॅकेटचं कापड उंची, दिवाळीला स्टीलचा डबा. निळ्यांचा पगार रखडायचा, आणि त्यांचे इनचार्ज मोरे बारीकसारीक गोष्टीवरून टोकायचे. त्यामुळे निळ्यातला एखादा पिवळ्यात जायचा. वळकटी घेऊन जिना उतरायचा, की बदली झाली. वरून कुणीतरी ओरडायचं, "गेला रं गेला, डब्यापायी गेला!"

दत्तू पिवळ्यात होता. आटपाडीकडचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, चाळिशीचा. सगळे त्याला हवालदारच म्हणत. सकाळी चपला कपाटात ठेवून तो जड बूट घालायचा, संध्याकाळी उलट. सगळेच तसं करत. त्यामुळे दिवेलागणीला मी कपाटाकडे नजर टाकली की कोण घरी आलं आणि कोण यायचं आहे ते कळायचं. शाळेत हजेरी घेतलेल्या बाईची सवय, दुसरं काय.

दिवस मावळायच्या वेळी आपली माणसं खाली उतरली की नाही, हे दोन्ही कंपन्यांना विचारावंच लागे. निळ्यांचे मोरे प्रत्येकाला स्वतः फोन करत. "तुझा आवाज ऐकव," म्हणत. चौघं एका गाडीत असले तरी फोन चौघांच्या हातातून फिरायचा. पोरं वैतागत, त्यांची नक्कल करत. पिवळ्यांचं काम सुटसुटीत होतं. माथ्यावर चक्क्यांच्या पायथ्याशी रेंज नसायची, म्हणून म्हसोबाच्या वळणावर आलेली पहिली गाडी सगळ्यांच्या वतीनं एक मेसेज टाकायची, 'सगळे उतरले'. मला पिवळ्यांची पद्धत आवडायची. एका ओळीत काम.

आषाढातली गोष्ट. वारा असा की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दोरीनं बांधावी लागे. दिवे लावले आणि पाहिलं तर दत्तूच्या चपला कपाटातच. पिवळे हातपाय धूत होते. मी विचारलं, "हवालदार कुठे?" एक म्हणाला, "दुसऱ्या गाडीत हाय, बाई." दुसरी गाडी दहा मिनिटांनी आली. त्यातले म्हणाले, "आमी म्हटलं तुमच्यात बसला." दत्तूचा मोबाइल पहिल्या गाडीत चार्जिंगला लावलेला होता.

पिवळ्यांनी आपल्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, "मेसेज आलाय ना, सगळे उतरलेत." तोवर वरून मोरे निम्मा जिना उतरले होते. त्यांनी फक्त विचारलं, "कुठली चक्की?" आणि जीप काढली. प्रतिस्पर्ध्याच्या चक्कीवर जायला परवानगी लागते. ती त्यांनी मागितली नाही.

तासाभरानं मोऱ्यांच्या जीपमधून दत्तू आला. बूट काढले, चपला घातल्या, मग ओट्यावर बसला. "बाई, चा टाका. लय वारं हुतं." चहा पिता पिता त्यानं सांगितलं. चक्कीच्या टोकाशी असलेल्या डब्यासारख्या खोलीत तो बसून काम करत असताना खाली कुणीतरी जाताना चक्की सुरू करण्याची कळ फिरवली होती. वारा चांगला होता, वेळ वाया जायला नको होता. डोक्याशी अजस्र दांडा फिरू लागला. दत्तूनं लाल बटण दाबलं म्हणून तो थांबला, नाहीतर त्याची बाही त्यात गेलीच होती. बाही फाटलेली मी पाहिली.

निळ्यातला एकजण पिवळ्यांना म्हणाला, "काय रं, तुमच्यात मान्सं उतरायच्या आदी मेसेज उतरतोय व्हय?" त्या दिवशी कॅरम निघाला नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला पूर्वी थोडंफार सांगितलं असेल. पुढचं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिवळ्यांचे साहेब कंदी पेढे घेऊन आले. फार सभ्य माणूस. माझ्याशी इंग्रजीत बोलले, मला बरं वाटलं. वडूजमध्ये माझ्याशी इंग्रजीत बोलायला कोण येणार? म्हणाले, "मॅडम, एक साधा जबाब हवा आहे. हवालदाराला इंग्रजी येत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा." मी शाळेचं चांगलं पेन काढलं. ते सांगत गेले, मी दत्तूच्या वतीनं इंग्रजीत लिहीत गेले. सहकाऱ्यांना न सांगता मी वर थांबलो. खाली उतरण्याची सूचना मी पाळली नाही. चूक माझी आहे. दत्तू पलीकडे ताठ उभा होता, फौजेत उभा राहतो तसा. साहेबांनी बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली. वरिष्ठानं सही कर म्हटलं की करायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं.

मी त्याला विचारलं नाही, दत्तू, हे असंच घडलं का? मला माहीत होतं, असं घडलं नव्हतं. मी समास सरळ आहे की नाही ते पाहत होते.

दिवाळीनंतर त्याच कागदावर बोट ठेवून त्याला कामावरून कमी केलं. वळकटी बांधून निघताना तो पाया पडला आणि म्हणाला, "बाई, अक्षर मातूर लय देखणं हाय तुमचं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढे सहा महिन्यांनी मोऱ्यांनी त्याला निळ्यात घेतलं, कमी पगारावर. तो आजही तिथेच आहे आणि नव्या पोरांना टॉवरवर चढायला शिकवतो.

काल मी त्याला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कागदाबद्दल बोलले. माझी चूक झाली म्हणाले. तो म्हणाला, "आवं बाई, तुमी त्या दिशी चपला बगितल्या म्हणून, न्हाईतर मी तितंच." एवढं म्हणून त्यानं विषय बदलला. मी मुक्ताचं सांगितलं. तो म्हणाला, "येऊ द्या की पोरीला इकडं. तुमालाबी बरं. पिवळ्यात आता नवी मान्सं हायती, तो सायब कवाच गेला. पर तिला म्हणावं, सांच्याला आवाज घेत्यात का मेसेज, त्येवढं इचार."

मुक्ता, म्हणून तक्ता पाठवत नाही. तू साताऱ्याला आलीस तर दर शनिवारी सांगलीला येशील, मी तुझ्यासाठी भाकरी थापीन, आणि या तिसऱ्या मजल्यावर, जिथे वारा खिडकीपर्यंत पोहोचतच नाही, माझे दिवस बरे जातील. हे मला हवं आहे. इतकं हवं आहे की पहिल्या पत्रात मी अर्धीच गोष्ट लिहिली होती. पिवळी कंपनी आज कशी आहे ते मला माहीत नाही. कदाचित बदलली असेल. सोमवारच्या आधी त्यांना फोन कर आणि दत्तूनं सांगितलेला प्रश्न विचार. उत्तर द्यायला ते घुटमळले तर साताऱ्याचा विचार करू नकोस, माझाही करू नकोस. आणि नीट उत्तर मिळालं, तर तिथे मोऱ्यांसारखं टोकायचं काम तुझं. पोरं नक्कल करतील. करू देत.

वडूजला असताना मला वाटायचं, घर म्हणजे त्या भिंती. आता तिथे दुसरं कुटुंब आहे, आणि मला त्या भिंती फारशा आठवत नाहीत. दिवेलागणीला मात्र मी अजून उठते आणि दाराशी ठेवलेल्या कपाटाकडे बघते. अजितच्या चपला, तुमच्या आईच्या, माझ्या. दत्तूच्या पट्टीखालच्या कप्प्यात, मुक्ता, मागच्या मे महिन्यात तू विसरून गेलेल्या कोल्हापुरी आहेत. शेजारी सोहमच्या रबरी. तुमची आई म्हणते, माळ्यावर टाकूया. मी टाकू देत नाही. तुम्ही दोघं अजून यायचे आहात.

कुठल्याही कंपनीत जा, कुठल्याही चक्कीवर चढ. खाली उतरलीस की मला फोन कर. मेसेज नको.

तुमची,
आजी