नांदूरघाटला दिलेल्या सहा गोळ्या

परळी वैजनाथला उतरले तीच लघवीची जळजळ घेऊन. गाडीतला संडास नको म्हणून रात्रभर पाणीच प्यायले नव्हते, शहाणपण माझंच. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, सगळ्या गोळ्या संपवा म्हणाले. वीजकेंद्राच्या राखेनं माखलेल्या एसटीच्या खिडकीशी बसून मी पहिली गोळी घेतली आणि दुष्काळातल्या दूध संस्था पाहायला निघाले.

तिसऱ्या दिवशी नांदूरघाट. जळजळ थांबली होती, पण टाचेमागची शीर ठणकू लागली. चालणं जास्त झालं असेल म्हणून दुर्लक्ष केलं. दसरा उलटला तरी ओढे कोरडेच होते. संस्थेत रिकामे कॅन उपडे घातलेले. पूर्वी तिथं दूध घालणाऱ्या कौसाबाईंनी म्हशी विकल्या होत्या. आता त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार होत्या. त्यांनी मला भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढलं. स्वतः घोटभरच पाणी प्यायल्या.

"मला बी लई जळतंय, ताई. फडात आडोसा न्हाई, मंग आमी पाणीच कमी पितो. गोळ्या ऱ्हायल्यात का?"

मला बरं वाटत होतंच. उरलेल्या सहा गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंद्रुडला एसटीची पायरी उतरता येईना. डॉक्टरांना फोन लावला.

"गोळ्या बंद करा. काहींना या औषधानं सांधे, स्नायू दुखतात. टाचेची शीर तुटूही शकते. किती राहिल्यात?"

"सहा. पण त्या मी एका बाईंना दिल्या. त्या ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतात."

"मग आधी तिकडं जा."

कौसाबाईंचा फोन बंद. त्यांची टोळी दुपारी निघणार होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. तिचा पाय गेला की दोघांचा हंगाम गेला. नांदूरघाटकडे परतणारी जीप धारूरच्या घाटात हात दाखवणाऱ्या प्रत्येकासाठी थांबत होती आणि मला ड्रायव्हरचा विनाकारण राग येत होता.

पोचले तेव्हा ट्रकमध्ये भांडी, सरपण चढत होतं.

"कौसाबाई, गोळ्या कुठायत?"

"वाटल्या की. समद्यांनाच जळतंय, मी एकलीनं कावून खाऊ?"

सहा जणींना एकेक. मी लंगडत ट्रकभोवती फिरले. पाच जणींनी पदराची गाठ सोडून गोळी परत दिली. सहावीनं सकाळीच खाल्ली होती. टाच दुखली तर काम थांबव, असं तिला सांगताना माझे मलाच ते शब्द पोकळ वाटले.

"मंग जळजळीला दुसरं काय देता?" कौसाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांना दाखवा. पाणी भरपूर प्या."

"पेलं तर जायचं कुटं, ताई?" बाकीच्या हसल्या. ट्रक निघाला.

घरी महिनाभर पाय वर करून पडून राहिले, टाच बरी झाली. चूक वेळेत निस्तरली, असं सगळे म्हणतात. पण त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते औषध काढून मी रिकाम्या हातांनी त्यांना फडावर पाठवलं, याची लाज अजून जात नाही.