धाकट्या जावेची फिल्म

धाकट्या जावेच्या सायनसचा सीटी स्कॅन झाला आणि घरात माझ्या डोकेदुखीला कवडीची किंमत उरली नाही.

दुखणं खरं तर दोघींनाही होतं. तिचं नाक कायम चोंदलेलं, वास गेलेला. माझं नाकही चोंदायचं, वर कपाळ ठणकायचं आणि खाली वाकलं की भुवयांमागे जीव जायचा. पण फिल्म तिची निघाली. गालांमागच्या ज्या पोकळ्या काळ्या दिसायला हव्यात, त्या पांढऱ्याफटक होत्या. संपानंतर सासऱ्यांची मिल उघडलीच नव्हती. जन्मभर फोल्डिंग खात्यात कापड उजेडात धरून खोट शोधणारा माणूस तो. त्यांनी फिल्मही तशीच खिडकीत धरली आणि आमच्या परळच्या चाळीत येईल-जाईल त्याला दाखवली. "बघा, सगळं भरलंय पोरीचं."

सासूबाईंनी लगेच फर्मान काढलं. जावेने वाकायचं नाही. मोरीतली भांडी, धुणं, लादी पुसणं सगळं माझ्या गळ्यात. ती ओट्याशी उभी राहून चपात्या करायची आणि मी मोरीत जळत असायचे. तिच्या दागिन्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, त्या फिल्मचा वाटला.

शेवटी नवऱ्याच्या मागे भुणभुण लावून मीही स्कॅन करून घेतला. तेव्हा पालथं झोपून, हनुवटी पुढे काढून मान उचलून धरावी लागे. मान अवघडली तरी मी हलले नाही. मनात एकच होतं, पांढरं निघू दे.

"पोकळ्या साफ आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचं दुखणं खोटं नाही. फिल्म आणि दुखणं जुळतंच असं नाही."

मी दोन्ही गोष्टी घरी सांगितल्या. ऐकली सगळ्यांनी पहिलीच. सासऱ्यांनी माझी फिल्म वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि कौतुकाने म्हणाले, "एक नंबर माल. कुठे डाग नाही."

मी भांडी घेऊन मोरीत गेले. जाऊ मागोमाग आली. "वहिनी, द्या इकडे," ती हळूच म्हणाली. "मला वाकलं तरी काही होत नाही हो. नुसता वास येत नाही."

माझ्या अंगाची लाही झाली. तरी भांडी मी तिच्यापुढे सरकवली. ती घासायला बसली, तोच सासूबाई दारात उभ्या.

"तू ऊठ गो," त्या तिला म्हणाल्या. "हिचं साफ निघालंय. ही करील."