भिंतीवर ठेवलेला हात

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पोरांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या जिन्यात तुमची-माझी गाठ पडायची नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते. ती माझ्यात असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं — नाही का?

माझं नाव उत्तम. बारामतीत एका कॉलेजात शिपाई होतो, आता निवृत्त आहे. आमच्या वस्तीत मला मान आहे. कुणाचा कागद वाचून द्यायचा असो, कुणाची भांडणं मिटवायची असोत, लोक माझं दार वाजवतात. वाईट माणूस म्हणून मला कुणी ओळखत नाही. अडचण तीच आहे.

संपत माझा मित्र. आम्ही दोघं सांगवीचे, एका आळीतले. कामासाठी बारामतीला आलो तेही एकाच एसटीनं. पुढं तो इंदापूरला एका पिंजाऱ्याकडं गादीचं काम शिकला, परत आला, आणि दोघांनी मिळून वस्तीत जागा धरली. जागा दोनच उरल्या होत्या. एक आत, उंचावर, सार्वजनिक नळाजवळ. दुसरी रस्त्याच्या कडेला, पण नाल्याला लागून. त्या नाल्याचा वास असा की माणूस तोंडाला रुमाल लावून जायचा. आधी कुणी निवडायचं? संपत म्हणाला, तू निवड. मी एका दमात नळाजवळची घेतली. तो हसला आणि नाल्याकडेला पत्रे ठोकायला लागला.

हे नीट लक्षात ठेवा. निवड माझी होती.

मग वर्षं गेली. संपतनं तिथंच पिंजायचं यंत्र बसवलं. रस्त्यावरचं दुकान, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारं. लग्नसराईत त्याच्या दारात टेम्पो लागायचे. पणदऱ्यापासून लोक यायचे — मुलीच्या लग्नात गादी द्यायची तर संपतच्याच हातची. त्याच्या मिशीवर कापूस उडालेला असायचा आणि तो सगळ्यांना चहा पाजायचा. आणि मी? मी तास झाला की घंटा वाजवायचो. साहेबांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचो. घरी येताना त्याच्या दुकानावरून यावं लागायचं, आणि तो दरवेळी हाक मारायचा. हाक ऐकली की मला राग यायचा. त्यात राग यावा असं काय होतं? काहीच नाही. म्हणून तर ते कुणाला सांगता येत नव्हतं.

जळत होतो मी. साधा, सरळ शब्द आहे, तोच वापरतो.

पुढं पालिकेनं नाल्यावर स्लॅब टाकला. वास गेला, रस्ता रुंद झाला. आणि मग ती योजना आली. समाजमंदिरात नकाशा लावला, पालिकेच्या एक तरुण इंजिनिअर बाई आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. आज वस्तीची घरपट्टी जेवढी जमते तेवढी पालिकेला जात राहील. पण रस्त्याकडेला पक्की दुकानं उभी राहिली की घरपट्टी वाढणार. ती वाढ पालिकेच्या मोठ्या पोटात जाऊ द्यायची नाही. काही वर्षं ती ह्याच वस्तीसाठी बाजूला ठेवायची. त्या वाढीच्या भरवशावर आधी कर्ज काढायचं आणि मागच्या बाजूला इमारती, गटार, लिफ्ट, अंगणवाडी उभी करायची. म्हणजे पुढची दुकानं मागच्या घरांना पोसणार. आणि रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत, त्यांना खाली दुकान, वर घर.

सगळ्यांच्या माना संपतकडं वळल्या. माझीही वळली. त्याची ती नाल्याकडेची जागा, जिला मी नाक मुरडलं होतं, ती आता वस्तीतली सगळ्यात मोलाची जागा झाली होती. मला मिळणार होता मागच्या इमारतीतला पहिला मजला. पक्कं घर, संडास आत, नळ आत. आठवडाभरापूर्वी कुणी हे देतो म्हणालं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. त्या दिवशी मला ते भिकेसारखं वाटलं.

संध्याकाळी संपत पेढे घेऊन घरी आला. माझ्या तोंडात पेढा कोंबत म्हणाला, "तुझ्यामुळं मिळालं गड्या. तू नळ घेतलास, म्हणून मला रस्ता घावला."

तो मनापासून बोलत होता. टोमणा मारायचं त्याच्या रक्तातच नाही. त्यानं टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण तो आभार मानत होता — माझ्या चुकीबद्दल माझे आभार. तो पेढा मी गिळला कसा, माझं मला माहीत.

आता मुद्द्याकडं येतो. टाळतोय हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

खूप आधी, नाला उघडा असताना, एका पावसाळ्यात कऱ्हा नदीला मोठं पाणी आलं होतं आणि नाला उलटा फुगला होता. संपत तेव्हा इंदापुरात होता. त्याचा गादीकाम शिकवणारा उस्ताद वारला होता, त्याच्या मयतीला गेला आणि रस्ता बंद झाल्यानं तिकडंच अडकला. त्याची बायको सुशीला आणि दोन्ही लेकरं मी माझ्या घरी आणली. धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं. हे खोटं नाही. पाणी ओसरेपर्यंत ती माझ्याकडं राहिली, माझ्या बायकोनं त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. संपत ते कधी विसरला नाही. भेटेल त्याला सांगायचा, अजून सांगतो.

पाणी आलं होतं त्याच्या उंबऱ्याखालच्या दुसऱ्या पायरीपर्यंत. मी रोज जाऊन बघत होतो. दुसऱ्या पायरीच्या वर ते गेलं नाही.

योजनेची मोजणी सुरू झाली तेव्हा प्रश्न निघाला की त्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं. पाणी गुडघ्याखाली राहिलं असेल तर जोतं उंच करून दुकानं बांधता येणार होती. त्याच्या वर गेलं असेल तर नाल्याकडेची पट्टी मोकळी सोडायची. नोंद कुठंच नव्हती. अशा वेळी आपल्याकडं एकच रीत आहे — जुन्या माणसाला विचारायचं. त्यानं भिंतीवर हात ठेवायचा, मोजणीवाल्यानं तिथं रेघ ओढायची. घरमालकाला विचारत नाहीत. तो पाणी कमीच सांगणार. शेजारच्या, भरवशाच्या माणसाला विचारतात.

वस्तीत भरवशाचा माणूस कोण? मीच.

दुपारची वेळ होती. इंजिनिअर बाई, मोजणीवाला, वस्तीतली दहा-पंधरा माणसं. संपत दारात उभा होता, खांद्यावर कापूस. सुशीला आत जमिनीवर बसून गादीला टाके घालत होती. बाईंनी विचारलं, काका, पाणी कुठवर होतं? मी भिंतीपाशी गेलो. चालत जाताना मी ठरवलं होतं का? खरं सांगायचं तर, ठरवलं होतं. आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. हात आपोआप वर गेला, माझ्या ध्यानातच आलं नाही, असं सांगून मला सुटता येईल. पण तसं नव्हतं.

मी तळहात भिंतीवर ठेवला. माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

मला वाटलं, आता संपत म्हणेल, असं कसं? म्हणावं असंही एका कोपऱ्यात वाटत होतं. संपत म्हणाला, "ह्यो सांगतोय त्येच खरं. मी तवा हितं नव्हतो बाई. माझी माणसं ह्याच्याच घरात होती."

स्वतःच्या दुकानावर त्यानं असा स्वतःच्या तोंडानं शिक्का मारला, माझ्या शब्दाखातर. मोजणीवाल्यानं माझ्या बोटांच्या कडेनं खडू ओढला. मी हात काढला तेव्हा आत नजर गेली. सुशीलाचा टाका अर्धा राहिला होता. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि दोरा ओढला.

ती रेघ नकाशात गेली. नाल्याकडेची पट्टी मोकळी सुटली. संपतबरोबर आणखी तीन घरांची दुकानं गेली; ती माणसं पुरानंतर राहायला आलेली, पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या तिघांचा तर मी विचारही केला नव्हता, मत्सराच्या भरात ती घरं मला दिसलीच नव्हती. आता तिथं बाकडी आहेत, दोन-चार झाडं आहेत. आणि दुकानंच कमी झाल्यावर घरपट्टी वाढणार कुठून? पुढच्या बैठकीत बाईंनी सांगितलं की धरली होती तेवढी वाढ आता येणार नाही, त्यामुळं लिफ्ट आणि अंगणवाडी पुढं ढकलावी लागेल. ती पुढंच ढकललेली आहे. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा आहे, त्यावर फळ्या मारल्यात. बायका लहान पोरांना कडेवर घेऊन चढतात.

संपतला तिसरा मजला मिळाला. तिसऱ्या मजल्यावर कापूस पिंजता येत नाही, शेजारी कसे खपवून घेतील? यंत्र इंदापूरच्या कुणाला तरी विकलं. आता तो दुसऱ्याच्या फोमच्या गाद्यांच्या दुकानात खोळी शिवतो, टेम्पोत माल चढवायला हात लावतो. ह्या वयात.

तुम्हाला वाटत असेल, मला त्याच दिवसापासून पश्चात्ताप झाला. नाही झाला. यंत्र टेम्पोत चढलं त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो. किती तरी दिवस मला हलकं वाटत होतं. आम्ही आता सारखे झालो होतो — तोही मागच्या इमारतीत, मीही. उलट माझा मजला खालचा.

आणि सगळ्यात लाज वाटते ती ह्याची की मत्सर गेला नाही. दुकान गेलं तरी संपत हाक मारतोच. तोच चहा, तेच हसणं, आणि जिन्यातली पोरं त्याच्याच अंगाला झोंबतात. मी त्याचं सगळं काढून घेतलं आणि तरी त्याच्यापाशी असं काहीतरी उरलं, जे माझ्यापाशी कधी नव्हतंच. मी आजही त्याच्यावर जळतो.

गेल्या महिन्यात सुशीला जुन्या गादीचं गाठोडं घेऊन वर निघाली होती. माझ्या दारापाशी दम लागला म्हणून पायरीवर टेकली. घरात मी एकटाच होतो. पाणी आणून दिलं. ती प्यायली. मग जिन्याकडं बघत म्हणाली, "दुसऱ्या पायरीवरचा पुराचा गाळ मीच काढला होता, भावजी. माझ्या हातानं."

मी तिच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. मग विचारलं, संपतला माहीत आहे का.

"न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "त्यास्नी तुमच्याबिगर कोण हाय?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. तेवढ्यात वरून संपतचा आवाज आला, कुणाशी बोलतीयस गं म्हणून. तिनं मान वर करून सांगितलं, उत्तमभावजींशी.

"मग बस की निवांत," तो वरून म्हणाला. "मी खाली येतो गाठोडं न्यायला."

त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावर यायला लागला. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.