घेर किती वेळ टिकतो

मला काही सुचलं की मी चालायला लागते. बसून विचार करणं मला जमत नाही. त्या मार्चमध्ये मी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा इतक्या चकरा मारल्या की खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. सगळं ठीकच होतं. मी एक लढवय्यी घडवत होते.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस तोंडांचा फासा, कागद, पेन्सिली आणि भरपूर बडबड. आमच्यातला एक मित्र एरवी कळमेश्वरच्या कॉलेजात गणित शिकवतो, पण रविवारी तो गोष्ट सांगतो. समोर दरी आहे, दरीत राक्षस आहेत, बोला, काय करता? उरलेले तिघं आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतो, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. तिघं म्हणजे मी आणि एक नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर. आठवडाभर बुटीबोरीच्या कारखान्यात सुताची ताकद तपासून मी रविवारची वाट बघत असते.

आता नवी गोष्ट सुरू होणार होती, पुरती वर्षभर चालणारी. मला त्यात हातघाईनं लढणारं पात्र हवं होतं. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात तसा एक तयार आहे. डोंगरावरच्या मठात राहतो, उड्या मारतो, आणि बोलतो असा की त्याला कायमची सर्दी आहे. मला तो नको होता. मला लाठीवाली बाई हवी होती, आपल्या वस्तीतली. या खेळात मूळ प्रकाराला स्वतःची एक शाखा जोडता येते, तिला आम्ही सबक्लास म्हणतो. तिच्या शक्ती कोणत्या, मर्यादा कोणत्या, हे सगळं आपण लिहायचं. गणितवाल्याची अट एकच होती. आधी एक चाचणीची लढाई. तीत पास झाली तर वर्षभर ती माझी, नाहीतर सर्दीवाला.

लाठी मला बाहेरून शोधून आणावी लागली नाही. आई तरुणपणी विहारामागच्या मैदानात वस्तीतल्या मुलींना लाठी शिकवायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यात पुढे असायची. एका वर्षी तर एका वेळी चौघींशी लढली होती. गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर बसून मी ओरडायचे, ती माझी आई आहे, ती माझी आई आहे. पुढे तिचा उजवा खांदा गेला. पाण्याचे ड्रम उचलून, असं ती सांगायची. तिची लाठी आता आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आडवी टांगलेली असते.

मी झपाटल्यासारखी लिहीत सुटले. शत्रूंनी घेरलं की माझी बाई लाठी फिरवणार. जितके शत्रू जास्त, तितके फटके जास्त. या शक्तीला मी ‘वादळदंडा’ असं नाव दिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

चाचणीच्या दिवशी गणितवाल्यानं आमच्यावर बारा लांडगे सोडले. मी फासा टाकला, आणि एकाच फेरीत, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी व्हायच्या आत, बाराही लांडगे आडवे. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. डॉक्टरीणबाई हातातला फासा खाली ठेवत म्हणाली, “मग आम्ही काय करायचं? चहा ठेवू का?”

गणितवाल्यानं चष्मा काढला. “हे नाही चालत. तू एकटीच खेळून राहिली. बाकीचे काहून आले मग? एक आठवडा देतो. बदलून आण, नाहीतर पुस्तकातला घे.”

मी भडकले. तुम्हाला चांगलं काही बघवत नाही, असं काहीतरी बोलून तरातरा जिना उतरले. मग हेल्मेट विसरलं म्हणून परत वर गेले. त्यांनी ते दारातच ठेवलं होतं.

घरी आई अंबाडीची भाजी निवडत होती. “तोंड काहून पाडलं वं?”

मी सगळं सांगितलं, कागद दाखवले. आईनं लांडग्यांबद्दल अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं, कारखान्यातल्या कटकटी ऐकते तसं.

“तुयी बाई नुसती मारतच सुटते का?”

“मग काय करणार? हातात लाठी आहे.”

“मिरवणुकीत लाठी पहिले काहून फिरवतात, सांग बरं.”

“दाखवायला.”

“जागा करायले!” तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. “लाठी फिरली का गर्दी मागं सरते. घेर पडतो. लहान पोरी आत घ्यायच्या, त्यायले कोणाचा धक्का नाही लागला पायजे. लढाई-बिढाई मंग. तू बाहेरून पाहिलं, म्हणून तुले फटकेच दिसले.”

ती गॅलरीत गेली, ओले कपडे बाजूला केले आणि लाठी काढली. “फिरवतानी पाय हलवायचा नाही. पाय हलला का घेर मोडला.” लाठी तिच्या हातात अर्धी फिरली. मग खांदा अडला, आणि ती म्हणाली, “जाऊ दे.”

मला मात्र आता चैन कुठली! मी सगळं खोडलं. नवा नियम असा. लाठी फिरते आहे तोवर माझ्या बाईला जागेवरून हलता येणार नाही, कुणाला मारताही येणार नाही. पण घेराच्या आत जे उभे असतील, त्यांच्या केसाला धक्का लागणार नाही. डॉक्टर जोडप्याला आत राहून आपापली कामं करता येतील. गणितवाल्याला मर्यादा आवडतात, म्हणून घेर फक्त तीन फेऱ्या टिकेल असं ठेवलं. मी इतकी नाचले की खालच्या काकू पुन्हा वर आल्या.

पुढच्या रविवारी मी आईलाच घेऊन गेले. “मी काय करू तिथं?” म्हणत ती कडक इस्त्रीची साडी नेसून तयार झाली. माझ्या पात्राचा फासा तीच टाकणार होती.

गणितवाल्यानं आम्हाला एका पुलावर गाठलं. दोन्ही बाजूंनी लुटारू, डॉक्टर जोडप्याची पात्रं जखमी होऊन पडलेली. आईनं घेर धरला. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. दर वेळी फासा थांबेपर्यंत आम्ही सगळे त्याच्यावर वाकलेले. तिसरीही गेली, पण जखमी अजून उठले नव्हते.

“काकू, तीन झाल्या,” गणितवाला म्हणाला. “आता लाठी खाली.”

“अन् आतले?”

“ते पडलेलेच आहेत.”

“मंग लाठी खाली कशी ठेवू गा?”

“नियम आहे, काकू.”

“कोनं केला?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हात दुखतो ना आई, इतका वेळ फिरवून.”

“हात दुखते म्हणून पोरी टाकून देते का कोणी?” ती जरा चिडलीच. “त्या जयंतीले चौकात पळापळ झाली, तवा जिकडे तिकडे लोकं लोकायवर पडून राहिले होते. मी लाठी थांबवली नाही, गर्दी पांगेपर्यंत. सात पोरी होत्या आत. तू त्यातलीच, पाच वर्षांची, तुले आठवत नसन. माह्या पदराले धरून रडून राहिली होती. खांदा तवाच गेला.”

“तू तर ड्रम सांगायचीस.”

“तुले सांगून काय करायचं होतं?”

मग आई गणितवाल्याकडे वळली. “घेर राहू दे. तुले काय घ्यायचं ते माह्या खांद्यातून घे.”

त्यानं माझा कागद ओढला, ‘तीन’ खोडलं आणि लिहिलं. हवा तितका वेळ. मात्र तिसऱ्या फेरीनंतर प्रत्येक फेरीला हिच्या जीवाचे गुण कमी होतील, आणि ते औषधानं भरून येणार नाहीत. आईनं चौथी फेरी धरली, पाचवी धरली. सहावीला जखमी उठले आणि पूल ओलांडून गेले. माझ्या बाईच्या कागदावर जीवाच्या रकान्यात दोनच गुण उरले होते, आणि ती उभी होती. डॉक्टरीणबाईनं टेबलावर हात आपटला. गणितवाला म्हणाला, “पास.” वर्षभरासाठी ती माझी झाली. वादळदंडा हे नाव मी खोडून टाकलं.

परत येताना आई स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “पुढच्या रविवारी पुलापासून सुरू, का नवीन?” मी रडत होते, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत.