साडूभाऊंचं सगळ्यात खरं वाक्य

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व लग्नाळू मुलामुलींना, त्यांच्या आईबापांना आणि समस्त फोटोग्राफर मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या साडूभाऊंनी सल्ला देणं कायमचं थांबवलं आहे. बातमी वाचून कोणी जेवण टाकू नये. पण एवढं मी छातीठोकपणे सांगतो, की शेकडो लग्नांना जाऊन एकाही नवरीचा चेहरा न पाहिलेला माणूस भूतलावर दुसरा झाला नाही. मांडवात शिरले की ते फोटोग्राफरच्या पाठीमागे उभे राहत आणि फक्त त्यालाच न्याहाळत. माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी आहेरही फोटोग्राफरलाच केला.

बावीस वर्षं त्यांनी चादरीच्या दुकानात बसून घड्या उलगडल्या. तिथं त्यांना एकच ज्ञान झालं, की शेजारच्या दुकानातही तीच चादर असते. गिऱ्हाईक उठू नये असं वाटत असेल तर आपल्या चादरीचं एक तरी खरं वेगळेपण सांगता आलं पाहिजे. नोकरी संपल्यावर हे ज्ञान त्यांनी लग्नाच्या फोटोग्राफरांवर सोडलं. त्यांची वेबसाइट, इन्स्टाग्रामवरचा मजकूर, सगळं साडूभाऊ लिहून देत. शोभेच्या शब्दांशी त्यांचं हाडवैर. वैरागच्या एकानं 'आम्ही क्षण अमर करतो' असं लिहिलं होतं. साडूभाऊंनी माझ्यादेखत त्याला विचारलं, "क्षण अमर करतोस, मग अल्बम द्यायला वर्ष का लावतोस? तोवर घरात पाळणा हलतोय की!" जेऊरच्या दुसऱ्यानं कुठल्यातरी राजवाड्याचं चित्र उचलून लावलं होतं. त्याला म्हणाले, "तुज्या गावात राजवाडा कुटं हाय? स्टेशन हाय. नवरीला फलाटावर उभी कर." त्यानं केली, आणि पुढच्या लग्नसराईत त्याला जेवायला सवड मिळेना. तेव्हापासून साडूभाऊंची मान अशी काही ताठ झाली, की टोपी पडेल म्हणून ते खाली बघेनात.

मग त्यांची दृष्टी मल्लिनाथअण्णांवर गेली. अण्णांचा स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्हींत बोलणं मोजकंच. ड्रोन उडवणाऱ्या पोरांनी त्यांची लग्नं एकेक करून पळवली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत कामं आली नाहीत तर स्टुडिओ बंद करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. साडूभाऊ तीन लग्नांत त्यांच्या पाठीमागे सावलीसारखे फिरले. तिन्ही ठिकाणी त्यांना एक गोष्ट दिसली. अक्षता पडल्या की अण्णा उजेडाला एक खुर्ची ठेवत, घरातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून बसवत आणि पदर, टोपी नीट करून एकट्याचा फोटो काढत. पैसे कोणी देत नव्हतं, मागितलेही नव्हते.

"हे कशाला, अण्णा?"

"नंतर लागतोय की," अण्णा म्हणाले.

खरंच लागत होता. म्हातारं माणूस गेलं की घरची मंडळी स्टुडिओत येत, आणि अण्णा तो फोटो शोधून देत. आमच्या भागातल्या निम्म्या भिंतींवर, हाराखाली, अण्णांचंच काम होतं.

साडूभाऊ नाचायचेच बाकी राहिले. रात्रभर जागून त्यांनी अण्णांच्या इन्स्टाग्रामच्या पानासाठी वाक्य लिहिलं आणि सकाळी मला वाचून दाखवलं: 'नवरा-नवरीचे फोटो सगळेच काढतात. तुमच्या आजोबांचा, भिंतीवर लावायचा, आम्ही आधीच काढून ठेवतो.' खाली म्हाताऱ्यांचे चाळीस फोटो. मी टाळ्या वाजवल्या. ह्या पापात मीही वाटेकरी आहे.

इतकं खरं वाक्य लग्नाच्या बाजारात त्याआधी कोणी लिहिलं नसेल, आणि खरं बोलणाऱ्याचं जे होतं ते झालं. हातातली दोन लग्नं आठवड्याभरात गेली. एका वरपित्यानं फोनवर विचारलं, "अण्णा, लग्नाला येणार का मयताला?" नात्यातल्या एका लग्नात अण्णांनी खुर्ची मांडली, तर वरमायेची सासू "मला नगं बसवू तितं!" म्हणत न जेवता रिक्षात जाऊन बसली. साडूभाऊंनी मजकूर पुसला, पण लोकांनी तो आधीच एकमेकांना पाठवून दात काढले होते. ज्या घरांत अण्णांचे फोटो हाराखाली होते, तीच घरं आता त्यांना अपशकुनी म्हणत होती. अण्णा साडूभाऊंना रोजच्यासारखा चहा पाजत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि स्टुडिओ रिकामा करायचा दिवस आला. साडूभाऊ मान खाली घालून खोकी बांधत होते, मी दोरी धरली होती. बातमी कशी पसरली कोण जाणे, दाराशी गर्दी जमली. मला वाटलं, चार शब्द गोड बोलायला आली असतील. छे! "आमच्या आईचा काढलेला, सापडतोय का बघा की", "आप्पांचा देऊन ठेवा, पुन्हा कुटं शोधायचं?" अपशकुनी म्हणणारी तोंडं सगळी रांगेत. अण्णा खोक्यांतून हुडकून एकेकाला देत राहिले.

शेवटी एक म्हातारा काठी टेकत आत आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, दाढी गुळगुळीत. "माजा ऱ्हायलाय," म्हणाला, "काडून ठिवा." अण्णांनी रिकामे हात दाखवले, कॅमेरा कालच विकला होता. म्हातारा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"अवो अण्णा, मग आता आमी मरायचं कसं?"