गोंदणाच्या बाह्या

त्या दिवशी पारोळ्याच्या बाजारात आईसमोर कोणी बसलं नाही. चार वाजता आईने सुया पुसून डबीत ठेवल्या आणि एसटीने ती माझ्याकडे जळगावला आली.

आई गोंदणारी होती. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळीच्या रंगात बुडवायच्या आणि बाईच्या हातावर तुळस, विंचू, पाळणा, मोराची जोडी उमटवायची. आमच्या जमातीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या होत्या. जळगावच्या केळीवाल्या गावांपासून धुळ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांपर्यंत आई पायी फिरली होती. ऐंशीच्या दशकात बाजारात बॅटरीवर चालणारं यंत्र आलं. पोरं त्यावर आपलं नाव काढून घेत आणि पोरी तर गोंदूनच घेईनात.

मी जळगावजवळ पिंप्राळ्याला एका खोलीत भाड्याने राहायची आणि शाळेत शिकवायची. गल्लीत मी सांगितलं होतं की आमची शेती आहे. आई आली त्याच संध्याकाळी मी तिला विनवलं, इथे कोणाला तुझं काम सांगू नकोस. ती म्हणाली, "नही सांगाव." त्यानंतर ती दारात बसली तरी पदर मनगटापर्यंत ओढून बसायची.

माझ्या हातावर मात्र एक ठिपकाही नव्हता. शेकडो पोरींचे हात गोंदणाऱ्या आईने पोटच्या पोरीचा हात कोरा ठेवला होता. लहानपणी मी हट्ट केला की ती म्हणायची, "तुले शाळामा जानं शे. हात दखीसन लोके जात इचारतीन." तिचं म्हणणं खरं ठरलं. मला कधी कोणी विचारलं नाही.

दोन महिने आई नुसती बसून होती. मग एके दिवशी तिने माझा जुना पांढरा परकर फाडला, दंडापासून मनगटापर्यंतच्या मापाची एक बाही बेतली आणि मला म्हणाली, "दोरा लयनं शे. चाल."

दुकान एका मारवाडी शेटजींचं होतं. त्यांनी हिरव्या रिळांचा खोका काचेवर ठेवला.

"घ्या अक्का. हिरव्याच्या बारा छटा आहेत, एक तरी पटेलच."

आईने एकेक रीळ उचलून बाजूला सारलं. "हाऊ पानना रंग. हाऊ पोपटना. माले कातडीना जोयजे."

"कातडीचा हिरवा?" शेटजी हसले. "अक्का, असा रंग गिरणीवाले काढत नाहीत हो!"

आईने बांगड्या मागे सारल्या, पदर वर केला आणि गोंदलेला उघडा हात काचेवर ठेवला. "हाऊ दख."

मी चटकन आजूबाजूला पाहिलं. आमच्या गल्लीतल्या एक काकू शेजारीच लेस मोजून घेत उभ्या होत्या. शेटजींचं हसू मात्र थांबलं. त्यांनी चष्मा लावला, आईला दुकानाच्या पायरीवर उन्हात नेलं आणि एकेक रीळ तिच्या हातावर धरून पाहू लागले. गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी त्यांनी एक हिरवा आणि एक राखाडी निळा दोरा एकत्र पिळून तुळशीच्या खुणेवर आडवा ठेवला. दोरा खुणेत दिसेनासा झाला.

"आते बरोबर बसना," आई म्हणाली.

काकू जवळ आल्या. "काय सुरेख गोंदलंय! अक्का, तुम्ही गोंदायचं काम करायच्या का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रिळांकडे पाहत राहिले.

"नही वं माय," आई म्हणाली. "मन्हा हात दुसरीनी गोंदेल शे."

हे खरंच होतं.

पहिली बाही तिने त्या दोऱ्याने गोंदणाची नक्षी भरून आठ दिवसांत पुरी केली. मला ती फार आवडली. आईने मात्र ती उलटी केली, मागच्या गाठी आणि ओढलेले दोरे पाहिले आणि सगळं उसवायला घेतलं. मी ओरडलेच. "आई, मागची बाजू कोण बघणार आहे?"

"कातडीले उलटी बाजू ऱ्हास का?"

पुढचे तीन महिने ती तेवढंच शोधत होती. कापड दुहेरी घेतलं. दोरा दोन थरांच्या मधून सरकवला, गाठ मारणं सोडून दिलं. टाका ओढायचा नाही, टोचायचा. तिच्या हाताला तीच चाल ठाऊक होती. अखेर एक बाही तिने माझ्या हातात दिली. मी ती उलटसुलट करून पाहिली, खिडकीपाशी नेली, पुन्हा उलटली. सरळ बाजू कोणती ते मला सांगता येईना. आणि शाळेत मुलींना शिवण-टिपण शिकवणारी मीच होते.

त्यानंतर बाह्या होत गेल्या. प्रत्येक बाही आईने कधीतरी गोंदलेल्या एका बाईची होती. गोंदताना दुखतं म्हणून आई बायकांना बोलतं ठेवायची. माहेर कुठलं, भाऊ किती, सासू कशी. ते सगळं तिच्या हातात राहिलं होतं. ही तापीकाठच्या गावातली, हिला विंचू हवा होता पण नांगी खाली वळलेली. ही पाड्यावरची, हिच्या डोळ्यांच्या कडेला तीन ठिपके आणि मनगटावर बाजरीचं कणीस. ही गोंदताना इतकी हसली की मोराची मान वाकडी झाली. आईने ती मान कापडावरही वाकडीच ठेवली. मी वहीत लिहून घेत असे. खोलीत माझ्या पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यातल्या एकाही पुस्तकात या बायका नव्हत्या.

एकदा काकू डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, "अक्का, नुसत्या बाह्याच शिवता. चोळी पुरी कधी होणार?"

"हाई पुरीज शे," आई म्हणाली.

नव्वद साल उलटल्यावर आईला दम लागू लागला. एका दुपारी ती पडल्या पडल्या म्हणाली, "मरनावर दागिना काढी लेतस, लुगडं बी जळस. गोंदेल तेवढं संगे येस. तुन्हा हात कोरा शे. वर तुले कशी वळखसू मी?"

मी हसण्यावारी नेलं. तिने तोंड फिरवलं, तेव्हा कळलं की ती खरंच विचारत होती. रात्रभर विचार करून सकाळी मी डबी काढली आणि हात पुढे केला. "गोंद. शाळेत काय म्हणतील ते म्हणोत."

तिने सुया धरल्या. सुया थरथरत होत्या. बराच वेळ तिने माझा हात धरून ठेवला, मग सुया खाली ठेवल्या. "हात हालस. वाकडं व्हई." दुसऱ्यांच्या पोरींच्या हातावर मोराची वाकडी मान तिला चालली होती. माझ्या हातावर चालणार नव्हती.

तिने माझ्या दंडाचं माप घेतलं. कापडावर चुकलं तर उसवता येत होतं, म्हणून रोज सकाळी हात स्थिर असेल तेवढाच वेळ ती चार-सहा टाके घालायची. पाच महिने लागले. त्या बाहीवर तुळस नव्हती, मोर नव्हते. दंडावर शाळेत टोचलेल्या लशीचे माझे जे दोन गोल व्रण आहेत, त्या जागी तिने दोन गोल कोरे सोडले होते आणि त्यांच्याभोवती ठिपक्यांच्या ओळी मनगटापर्यंत उतरत आल्या होत्या. असा नमुना तिने कोणत्याच बाईला दिला नव्हता. माझ्या अंगावर शाळेची तेवढी एकच खूण होती आणि तीच तिने गोंदणात घेतली होती.

"हाई माले दे," ती म्हणाली. "मी संगे लई जासू. तठे तुन्हा हातले लाई दखसू."

पावसाळ्यानंतर ती गेली. दारात गल्ली जमली होती, धुळ्याकडून आमच्या जमातीतली माणसं आली होती. आईच्या बांगड्या, जोडवी, गळ्यातलं काढून माझ्याकडे दिलं. मी बाही आणून तिच्या हातावर चढवली. जमातीच्या माणसांतले एक वयस्क आबा पुढे आले. "हाई बी काढ, पोरी. संगे गोंदेल तेवढंच जास."

"हे गोंदणच आहे, आबा," मी म्हणाले. काकू तिथेच होत्या. मी आवाज खाली केला नाही. "आई गोंदणारी होती. हे तिने माझ्यासाठी गोंदलंय."

आबांनी बाही काढून घेतली. एका बाजूने पाहिली. उलटून पाहिली. पुन्हा उलटली. अंगठा टाक्यांवरून हळूहळू मनगटापर्यंत नेला. मग त्यांनी ती स्वतःच आईच्या हातावर चढवली आणि नीट सारखी केली.

आता माझ्याकडे बावीस बाह्या आहेत. त्या कोणाकोणाच्या ते वहीत लिहिलेलं आहे. माझी त्यांत नाही.